सात पट्ट्यांतला बाक

मंगळवार, ११ मार्च २०२५, सकाळी नऊ वाजून अठरा मिनिटे. मापनखोलीतल्या ग्रॅनाइटच्या पाटावर तपासणीसाठी सात पट्ट्या मांडलेल्या होत्या आणि ओळंब्याने त्यांतल्या तिसऱ्या पट्टीला लाल चिठ्ठी बांधली. आधीच्या दोन पट्ट्यांनाही लालच बांधली होती. बावीस वर्षांच्या तपासनिशीत एका माणसाच्या हातच्या सलग तीन पट्ट्या त्याने कधी नापास केल्या नव्हत्या. आणि तो माणूस रंधा असेल, तर एकही नाही.

पट्टी म्हणजे तीनशे मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा. त्याची एक कड सुरीसारखी निमुळती करून इतकी सरळ घासायची, की दुसऱ्या कारखान्यांनी आपापला सरळपणा तिच्यावरून ठरवावा. शेवटचा हात यंत्राचा नसतो, माणसाचा असतो, आणि या कारखान्यात तो रंध्याचा होता. तपासण्याची रीतही जुनीच. पट्टी पाटावर कडेवर उभी करायची, मागे दिवा लावायचा, एक डोळा मिटून दुसरा कडेच्या पातळीत आणायचा. कड आणि पाट यांच्यात कुठे फट राहिली असेल तर तिथून उजेड झिरपतो. केसाच्या जाडीचे सत्तर भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. दोन मायक्रॉनची फट सरावलेल्या डोळ्याला सहज दिसते, एका मायक्रॉनची मेहनतीने. हा सरावलेला डोळा ओळंब्याचा, आणि तोही उजवा. डावा मिटायची सवय त्याला उमेदवारीच्या दिवसांपासून होती.

माणूस सत्तावन्न वर्षांचा, उंच, कण्यात कुठेही वाक नसलेला. बोलणे तसेच सरळ, म्हणून हे टोपणनाव. खरे नाव पगाराच्या कागदापुरते उरले होते.

त्याने चौथी पट्टी घेतली, पाचवी घेतली. दहा वाजायला पाच मिनिटे असताना सातही पट्ट्यांच्या गळ्यात लाल चिठ्ठ्या होत्या. सातही पट्ट्यांची कड मध्याच्या जरा डावीकडे खाली लवलेली दिसत होती, एखाद्या ताणलेल्या दोरीवर चिमणी बसावी तशी. एक पट्टी वाकडी निघाली तर ती चूक. सातही एकाच जागी वाकड्या निघाल्या, तर त्याला काहीतरी कारण आहे, आणि कारण शोधण्याइतका आनंद त्याला दुसऱ्या कशात नव्हता. त्याने रंध्याला बोलावणे धाडले.

रंधा हात पुसत आला. ठेंगणा, रुंद मनगटांचा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. चिठ्ठ्या पाहून तो दारातच थबकला.

"हे काय, लग्नमंडप सजवलास का?"

"सातही गेल्या."

"कुठे गेल्या?"

"मध्याच्या डावीकडे बाक आहे. चार-पाच मायक्रॉनचा असेल. तुझा घासायचा दगड बसलाय, रंध्या. तपास."

"माझा दगड बसला नाही, तुझी अक्कल बसलीय," रंधा म्हणाला. "सरक बाजूला." त्याने स्वतः वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. उठला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. "कुठाय बाक? आरशासारखी सरळ आहे."

"पट्टी तुझी. तू सरळच म्हणणार."

सव्वीस वर्षांच्या दोस्तीत हे वाक्य पहिल्यांदा बोलले गेले. रंध्याने दोन पावले मागे घेतली. "बरं," तो म्हणाला, "मग तुझ्या त्या सुईला विचारू. ती तर माझ्या घरची नाही ना?"

सुई म्हणजे विजेवर चालणारे मापक. तिचे टोक कडेवरून सरकवले, की पडद्यावर उंचसखलपणाचा आकडा उमटतो. ओळंबा तिला मान देत असे, पण डोळ्यानंतरचा. त्याने पहिली पट्टी लावली, टोक सावकाश सरकवले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक एक मायक्रॉन. दुसरी पट्टी, तितकाच. तिसरी, एकावर थोडा. रंध्याने हाताची घडी घातली.

"बघ. आता सुईला पण चिठ्ठी बांध."

ओळंब्याला राग यायला हवा होता. पण त्याला चढला तो हुरूप. दोन साधने दोन साक्षी देत होती. त्यांतले एक खोटे बोलत होते, आणि कोणते, ते काढायची रीत त्याला तंत्रशाळेच्या पहिल्या वर्षापासून पाठ होती. ज्याच्यावर संशय असेल ती वस्तू उलट फिरवायची. दोष तिच्याबरोबर फिरला तर तो तिचा. जागच्या जागी राहिला तर दुसऱ्याचा.

"थांब," तो म्हणाला. "जाऊ नकोस. दार लाव. खोली गरम होतेय."

त्याने पट्टी उचलून डावे टोक उजवीकडे केले. डावा मिटला, उजव्याने पाहिले. बाक डावीकडेच.

"फिरला नाही," तो हळूच म्हणाला.

"काय फिरलं नाही?"

"बाक. पट्टी फिरली, बाक जागेवर. म्हणजे पट्टीत नाही."

"हेच मी मघापासून बोंबलतोय."

"तू बोंबलतोस, पण सिद्ध करत नाहीस. पाट असेल. चल, हात लाव."

दोघांनी मिळून पट्टी खिडकीजवळच्या दुसऱ्या पाटावर नेली. बाक तिथेही डावीकडे. मग दिवा बदलला. मग दिवा काढून खिडकीचा उजेड घेतला. मग ओळंबा पाटाच्या पलीकडे जाऊन उलट दिशेने बसला. आता त्याची डावी बाजू म्हणजे आधीची उजवी. बाक त्याच्याबरोबर तिकडे गेला. रंधा आता भांडण विसरून गुडघ्यांवर बसला होता आणि दर वेळी "आता?" एवढेच विचारत होता.

"आता टोकाला बघ," तो एकदम म्हणाला. "मधे नको. पार त्या टोकाला."

ओळंब्याने नजर टोकावर नेली. टोकाच्या अलीकडे, बोटभर डावीकडे, कड लवलेली होती. त्याने नजर दुसऱ्या टोकाकडे सरकवली. बाक सरकत आला.

"तिथे पण आहे," तो म्हणाला. "जिथे बघावं तिथून बोटभर डावीकडे."

"माझ्या पट्टीत उंदीर शिरलाय का रे? तू बघशील तिकडे पळतो?"

ओळंबा हसला नाही. त्याने पट्टी बदलली होती, पाट बदलला होता, दिवा बदलला होता, बसायची जागा बदलली होती. न बदललेली एकच गोष्ट उरली होती. त्याने उजवा डोळा मिटला आणि बावीस वर्षांत कामावर एकदाही न वापरलेला डावा डोळा कडेच्या पातळीत आणला.

कड ओढलेल्या तारेसारखी सरळ होती.

त्याने पुन्हा उजव्याने पाहिले. लवलेली. डाव्याने. सरळ. तो ताडकन उभा राहिला आणि दाराच्या चौकटीकडे वळला. उजव्याने पाहिले तर चौकटीच्या उभ्या कडेला पोट आलेले. खिडकीचे गज पाहिले, एक गज दुसऱ्याकडे झुकलेला. रंध्याने नोंदवहीचे रेघांचे पान समोर धरले, तर रेघांच्या मधोमध पाण्यात खडा पडल्यासारखी वळी. दोन म्हाताऱ्यांनी पुढची दहा मिनिटे त्या खोलीतली प्रत्येक सरळ वस्तू धुंडाळली. रंधा दाखवी, ओळंबा सांगे, आणि दर वेळी दोघांच्या आवाजात जास्तच चेव येई.

"सापडला," ओळंबा म्हणाला. "रंध्या, सापडला. पट्ट्या पास आहेत. सातही."

"ते मला ठाऊकच होतं," रंधा म्हणाला, आणि मग त्याचा आवाज उतरला. "पण मग चिठ्ठी आता कुठे बांधायची?"

हे ओळंब्याच्या डोक्यात तोवर आलेच नव्हते. दोष पकडल्याच्या आनंदात, दोष कशात निघाला ते मागेच राहिले होते. तो स्टुलावर बसला. त्याला अकरा वर्षे मधुमेह होता, आणि तो डोळ्यावर येतो हे त्याने ऐकले होते. पण डोळ्यावर येणे म्हणजे धूसर दिसणे, अशी त्याची समजूत होती. त्याला धूसर काहीच दिसत नव्हते. मागच्या ऑक्टोबरात कारखान्याच्या तपासणीत तक्त्याची शेवटची ओळसुद्धा त्याने घडाघडा वाचली होती. दोन्ही डोळे उघडे ठेवून, हे आता त्याच्या लक्षात आले.

त्याने लाल चिठ्ठ्या सोडल्या. हिरव्या बांधल्या नाहीत. तो अधिकार या क्षणी आपल्याकडे नाही असे त्याला वाटले. नापास मालाच्या वहीत कारणाच्या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले: "तपासणीचे साधन सदोष. साधन : तपासनिसाचा उजवा डोळा." आणि पास मालावर मारायचा आपला शिक्का, क्रमांक चौदा, खिशातून काढून तो विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी वही वाचली, पुन्हा वाचली.

"काका, हे असं लिहितात का?"

"खरं आहे तेच लिहिलंय."

"ते कळलं. डॉक्टरकडे कधी जाताय?"

"उद्या सकाळी."

"आज संध्याकाळी का नाही?"

"आज संध्याकाळी," ओळंब्याने मान्य केले.

मॅडमनी शिक्का कपाटात ठेवला. नियम दोघांनाही पाठ होता, तरी त्यांनी तो बोलून दाखवला, कारण न बोलता तो जास्त कठोर वाटला असता. शिक्क्याची परीक्षा दर तीन वर्षांनी होते: वीस फटी, ज्या डोळ्याने काम करता त्याच डोळ्याने, वीसपैकी अठरा बरोबर. ओळंब्याची मुदत तीस जूनला संपत होती, परीक्षा वीस जूनला होती. तोवर डोळा परतला नाही, तर निवृत्तीपर्यंतची तीन वर्षे भांडारात, खोके मोजत.

"डाव्याने देता येईल की," मॅडम म्हणाल्या.

"डावा कोरा आहे. त्याला शिकवायला मला पाच वर्षं लागतील. तोवर मी घरी बसलेला असेन."

घरी बायको शिवणयंत्रावर होती. तिने सगळे ऐकून घेतले, सुई वर केली, आणि पहिला प्रश्न विचारला तो डोळ्याचा नव्हताच.

"म्हणजे पडद्याची शिवण सरळ होती?"

"कुठली?"

"परवा वाकडी म्हणालात ती. दोनदा उसवली मी. दोनदा. डोळे फुटेस्तोवर धावदोरा घातला."

"मग तेव्हाच मला का नाही म्हणालीस, की डोळा तपासा?"

"तुम्हाला म्हणायची सोय आहे का? पायात चपला घाला. मी येते."

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई कमी बोलणाऱ्या निघाल्या. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून त्यांनी त्याला अर्धा तास बसवले, उजेड टाकून आत डोकावल्या, आणि मग शेजारच्या खोलीतल्या यंत्रासमोर हनुवटी टेकवायला सांगितली. एक हिरवी रेघ सरकली, संपले. पडद्यावर राखाडी पट्ट्यांचे चित्र उमटले; जमिनीत खणलेल्या चरात थरावर थर दिसावेत तसे. मध्यभागी, जिथे खोलगट वाटी असायला हवी, तिथे टेकडी होती, आणि टेकडीच्या पोटात काळे फुगे. कोपऱ्यात आकडा होता: ४३६.

"चारशे छत्तीस काय?" ओळंब्याने विचारले.

"मायक्रॉन. डोळ्यातल्या पडद्याची मधली जाडी. साधारण अडीचशे ते तीनशेच्या आत असते."

ओळंबा खुर्चीत ताठ झाला. थेंबांमुळे त्याला पडदा नीट दिसत नव्हता, तरी तो त्याच्यावर जवळजवळ आदळला. "डोळ्याच्या आत मायक्रॉन मोजता? हात न लावता? कशाने?"

"प्रकाशाने."

"म्हणजे आमचीच रीत. चूक किती येते? दोनदा मोजलं तर आकडा तोच येतो?"

"अहो," बायको म्हणाली, "यंत्र विकत घ्यायचं नाहीये आपल्याला. डोळ्याचं विचारा."

डॉक्टरीण बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी पुन्हा मोजून दाखवले, ४३८ आले, आणि ओळंब्याने मान डोलावली. मग त्यांनी समजावले. डोळ्याच्या मागे जो पडदा आहे, त्याच्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की त्यांच्या भिंती कमकुवत होतात आणि पाझरू लागतात. तो पाझर नेमका मधल्या भागात साठला, जिथून आपण वाचतो, बारकावे पाहतो, की तो भाग फुगतो. फुगलेल्या जागेवर पडलेली सरळ रेघ वाकडीच दिसणार.

"दुखलं कसं नाही?"

"दुखत नाहीच. दोन्ही डोळे उघडे असले तर चांगला डोळा झाकून घेतो. बहुतेकांना फार उशिरा कळतं. डाव्यातही थोडा पाझर आहे, पण मध्यापासून दूर. त्याच्यावर लक्ष ठेवू. यापूर्वी पडदा कधी तपासला होता?"

ओळंब्याने खाली पाहिले. मापनखोलीतल्या दोनशे अकरा साधनांच्या तपासणीच्या तारखा त्याला तोंडपाठ होत्या. "कधीच नाही. चष्म्याचा नंबर वाढला नव्हता ना."

"चष्म्याचा नंबर पुढच्या भागाचा. हा मागचा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून मागचा पाहायलाच हवा, दिसत असो वा नसो. साखर किती असते?"

आता ओळंब्याला जरा जमीन सापडली. त्याने पिशवीतून वही काढली. अकरा वर्षे, रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, उपाशीपोटी, डाव्या हाताच्या अनामिकेवर, तेच यंत्र. एकशे अठरा. एकशे बारा. एकशे एकवीस. एकही दिवस गाळलेला नव्हता.

डॉक्टरीण बाईंनी पाने उलटली. "सुंदर वही आहे. जेवणानंतरची?"

"घेत नाही. जेवण रोज वेगळं, वेळ वेगळी. मोजमाप एकाच स्थितीत घ्यावं, नाहीतर तुलना होत नाही."

"तीन महिन्यांची सरासरी?"

"सरासरी म्हणजे मोजमाप नव्हे. सरासरीत सगळं लपतं."

"दुपारी काय खातात?" बाईंनी बायकोला विचारले.

"दुपारी डबा, चार वाजता बिस्किटं. मोजून सहा. आणि जेवलं की दोन केळी. मी म्हटलं, जेवल्यावर एकदा टोचून बघा. तर मला मोजमापशास्त्र शिकवलं."

बाईंनी वही मिटून त्याच्यापुढे ठेवली. "तुम्ही पट्ट्या तपासता ना? तीनशे मिलिमीटरची पट्टी तुम्ही एकाच बिंदूवर तपासता का?"

हे ओळंब्याला कोणी थोबाडीत मारून सांगितले असते तरी इतके लागले नसते. अकरा वर्षे त्याने दिवसाच्या एकाच बिंदूवर सुई टेकवली होती, आणि तो बिंदू सरळ आहे म्हणून अख्खा दिवस पास केला होता. उमेदवाराने अशी तपासणी केली असती, तर त्याला त्याने खोलीबाहेर काढले असते.

"उपाय?" एवढेच त्याने विचारले.

"डोळ्यात इंजेक्शन. दर महिन्याला एक. निदान चार, मग बघू. पाझर थांबतो, सूज उतरते. किती उतरेल आणि नजर किती परतेल, हे मी आज सांगू शकत नाही. आणि साखर नीट राहिली नाही, तर मी टाकी उपसत बसेन आणि तुम्ही नळ चालू ठेवाल. तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आज फोन करते. घाईने खाली आणायची नाही, सावकाश."

"जूनच्या वीस तारखेपर्यंत चार बसतील?"

बाईंनी दिनदर्शिका पाहिली. "बसतील. का?"

ओळंब्याने कारण सांगितले. बाईंनी ते कागदावर लिहून घेतले.

पहिले इंजेक्शन चौदा मार्चला. आदल्या दिवशी त्याची पाचावर धारण बसली होती. डोळ्यात सुई, हा विचारच नकोसा. प्रत्यक्षात बधिर करणारे थेंब, एक दाब, आणि "झालं" हा शब्द. तो बाहेर आला तेव्हा रंधा बाकावर बसलेला.

"ओरडलास?"

"नाही."

"मी ओरडलो असतो," रंधा म्हणाला. "चल, तुला घरी सोडतो. आज तुला दरवाजा पण वाकडा दिसणार."

घरी नवी वही सुरू झाली. पहिले दोन आठवडे दिवसाला सात मापे: उठल्यावर, न्याहारीआधी, नंतर दोन तासांनी, तसेच दुपारी, तसेच संध्याकाळी. दुसऱ्याच दिवशी दुपारच्या रकान्यात दोनशे चौऱ्याऐंशी हा आकडा आला. ओळंब्याने त्या आकड्याभोवती गोल काढला. मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाला, "बाक सापडला. जेवणानंतर दोन तासांनी."

"अकरा वर्षं मी तेच सांगतेय."

"तू सांगत होतीस. मी मोजलं नव्हतं."

"मग आता माझंही एक मोजून घ्या," ती म्हणाली, "केळी बंद."

केळी बंद झाली, बिस्किटे बंद झाली, मधुमेहाच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, आणि संध्याकाळी नवरा-बायको चाळीस मिनिटे चालू लागली. भिंतीवर चौकटींच्या जाळीचा एक कागद लागला, मध्ये ठिपका. रोज सकाळी एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे आणि जाळी जिथे वाकते त्या भागाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढायचे. दर महिन्याच्या कागदावरचे वर्तुळ आधीच्यापेक्षा लहान होत गेले. दवाखान्यातले आकडे: एप्रिलात ३७९, मेमध्ये ३३२, सहा जूनला ३०४. दर वेळी आकडा ऐकताच ओळंबा तो रंध्याला फोनवर कळवी, आणि रंधा कामावर मोठ्याने जाहीर करी, जणू सामन्याच्या धावा. सबंध कारखान्याला ओळंब्याचा पडदा तोंडपाठ झाला. चहावाला सुद्धा विचारू लागला, "काका, तीनशेच्या आत कधी?"

पण तीनशेचा आकडा डॉक्टरीण बाईंचा. ओळंब्याचा आकडा अठरा. सूज उतरली म्हणजे सूक्ष्म फट दिसेलच, असे बाईंनी एकदाही म्हटले नव्हते. त्याने विचारले होते. त्यांनी खांदे उडवले होते.

वीस जून, शुक्रवार, सकाळी दहा. मापनखोलीत तिघेच. मॅडमनी व्यवस्था अशी केली होती, की कोणाला कोणाची मर्जी राखता येऊ नये. पाटावर आडवा पुठ्ठा. पुठ्ठ्यामागे रंधा, त्याच्यापुढे ठरावीक जाडीच्या पोलादी ठोकळ्यांची पेटी. पट्टीच्या मध्याखाली शून्य, एक, दोन किंवा तीन मायक्रॉनची फट राहील असे ठोकळे तो मांडणार, खरा आकडा आपल्या कागदावर लिहिणार, पुठ्ठा उचलणार आणि भिंतीकडे तोंड करणार. ओळंबा उजव्या डोळ्याने पाहून आकडा बोलणार, तो मॅडम आपल्या कागदावर लिहिणार. बरोबर की चूक, ते विसाव्या फटीनंतर.

"तोंड भिंतीकडे कशाला?" रंध्याने कुरकुर केली.

"तुमच्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असतं, काका."

पहिली फट. ओळंब्याने डावा मिटला, उजवा पातळीत आणला. काळी कड, तिच्याखाली उजेडाची कोर. आणि कोरीच्या डावीकडे, अगदी पुसट, जुन्या बाकाची खूण. पूर्ण गेली नव्हती. मग त्याने तेच केले जे कुठल्याही सदोष साधनाशी केले असते: दोष कुठे आहे ते माहीत आहे, किती आहे ते माहीत आहे, तर वाचन त्या जागेवर घ्यायचे नाही. त्याने नजर केसभर बाजूला सरकवली. कोर सरळ झाली.

"दोन," तो म्हणाला.

"शून्य." "एक." "तीन." पुठ्ठा पडत होता, उठत होता. रंध्याच्या बोटांची हालचाल, ठोकळ्यांचा बारीक आवाज, मग शांतता. सहाव्या फटीला डोळ्यात पाणी आले. त्याने थांबून पुसले. दहाव्या फटीनंतर मॅडमनी विश्रांती विचारली, तो नको म्हणाला. तेराव्या फटीला तो इतका वेळ पाहत राहिला, की रंधा भिंतीला म्हणाला, "झोपला की काय हा?"

"बोलू नका," मॅडम म्हणाल्या.

"एक," ओळंबा म्हणाला. नंतरच्या सात त्याने न थांबता वाचल्या.

विसावी झाली. रंधा वळला. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोट फिरवत वाचू लागल्या. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. पाचपर्यंत सगळी. सहावी: ओळंबा दोन म्हणाला होता, फट एक मायक्रॉनची होती. चूक. सातवी बरोबर, आठवी बरोबर. बारापर्यंत पुन्हा सगळी. तेरावी: ओळंबा एक, खरी शून्य. चूक.

"आता एक जरी गेली," रंधा म्हणाला आणि वाक्य तिथेच ठेवले.

चौदावी बरोबर. पंधरावी बरोबर. सोळावीला मॅडमचे बोट रेंगाळले. रंध्याच्या अक्षरातला तीन दोनासारखा दिसत होता.

"हे काय लिहिलंय, काका?"

"तीन. खाली शेपूट आहे बघा."

"शेपूट सगळ्यांनाच आहे. ठोकळे दाखवा."

रंध्याने प्रत्येक फटीचे ठोकळे क्रमाने बाजूला मांडून ठेवले होते. सोळाव्या फटीचे ठोकळे मॅडमनी स्वतः सुईखाली घेतले. पडद्यावर आकडा थरथरला आणि स्थिरावला. तीन. ओळंबा तीन म्हणाला होता.

सतरावी बरोबर. अठरावी बरोबर. एकोणिसावी बरोबर. रंध्याने ओळंब्याचे मनगट पकडले होते आणि ते त्या दोघांच्याही लक्षात नव्हते. मॅडमचे बोट शेवटच्या ओळीवर आले. दोन्ही कागदांवर शून्य होते.

त्यांनी खाली रेघ ओढली, तारीख टाकली आणि निकालाच्या चौकटीत लिहिले: उजवा डोळा, वीसपैकी अठरा.